आकाशातले साडेपाच तास

"मुंबईहून जेद्दाला किती वेळ लागतो?" उमरा किंवा हजला निघणाऱ्या घरात पहिल्या आठवड्यातच हा प्रश्न निघतो. उत्तरही चटकन मिळते. कुणी म्हणते तीन तास, कुणी म्हणते साडेपाच तास, तर नुकतेच जाऊन आलेले मामू सांगतात, "अरे, पूर्ण दिवस गेला बाबा!" गंमत अशी की तिघेही खोटे बोलत नाहीत. एकाने तिकिटावरचे घड्याळ वाचलेले असते, दुसऱ्याने विमानाचे तास मोजलेले असतात आणि तिसऱ्याने आपल्या थकलेल्या पायांवरून हिशेब केलेला असतो.

आम्ही या लेखात हे तीनही हिशेब एकमेकांशेजारी मांडणार आहोत. आपल्या घरातून या सफरीला निघणारे बहुतेक जण साठी-सत्तरीचे असतात. आयुष्यभर पै-पै जमवून ते निघतात. तिकीट मात्र काढतो मुलगा किंवा जावई, तोही मोबाईलवर, भाव बघून. त्याने अंतराचा आणि वेळेचा खरा हिशेब केला नाही, तर त्याची किंमत अम्मी-अब्बांना मोजावी लागते.

अंतर किती?

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि जेद्दाचा किंग अब्दुल अझीझ विमानतळ यांमधले सरळ हवाई अंतर साधारण ३,५०० किलोमीटर आहे. वैमानिक ते सागरी मैलांत मोजतात. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर, म्हणून त्यांच्या भाषेत हे अंतर सुमारे १,९०० सागरी मैल होते.

मुंबई सोडली की विमान पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे कलून निघते. पहिले जवळपास दीड हजार किलोमीटर खाली फक्त अरबी समुद्र असतो. सुमारे दोन तासांनी ओमानचा किनारा लागतो. पुढे ओमानचे आणि मग सौदी अरेबियाचे वाळवंट, शेवटी ताइफकडचे डोंगर आणि पलीकडे तांबड्या समुद्राच्या काठावर जेद्दा. हवामान आणि हवाई वाहतुकीप्रमाणे मार्ग थोडाफार बदलतो, पण दिशा हीच राहते.

एक गोष्ट आपल्या वाचकांना आवडेल. मुंबईहून किब्ल्याची दिशाही हीच, म्हणजे पश्चिमेला जरा उत्तरेकडे. त्यामुळे जेद्दाच्या थेट विमानात बसलेल्या माणसाचे तोंड बराच वेळ जवळजवळ किब्ल्याकडेच असते.

मग साडेपाच तास कशाला?

प्रवासी जेट विमान उंचीवर ताशी ८५० ते ९०० किलोमीटर वेगाने उडते. ३,५०० भागिले ८५० केले तर उत्तर चार तासांच्या जरा पुढे येते. पण कंपन्या वेळापत्रकात मुंबई ते जेद्दा सव्वापाच ते पावणेसहा तास धरतात. उरलेला वेळ कुठे जातो?

थोडा जमिनीवर जातो. वेळापत्रकातले तास विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर थांबेपर्यंतचे असतात. मुंबईच्या गर्दीच्या धावपट्टीवर रांगेत उभे राहण्यात वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात. थोडा वेळ चढण्या-उतरण्यात जातो, कारण त्या काळात विमानाचा वेग कमी असतो. विमान पट्टीने आखल्यासारख्या सरळ रेषेतही जात नाही. हवेतही ठरलेले रस्ते असतात आणि त्यांना वळणे असतात.

आणखी एक कारण म्हणजे वारा. हिवाळ्यात आपल्याकडे फार उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीमागून ढकलतात. म्हणून जेद्दाहून मुंबईला यायला बऱ्याचदा पावणेपाच ते सव्वापाच तासच लागतात. पावसाळ्यात दक्षिण भारत आणि अरबी समुद्रावर उंचावरचे वारे उलटे, पूर्वेकडून वाहतात. त्यामुळे त्या दिवसांत जाण्या-येण्यातला हा फरक कमी होतो.

तिकिटावरचे घड्याळ

आता त्या "तीन तास" म्हणणाऱ्याकडे वळू. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावाची असते आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावाची. सौदी अरेबियाचे घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे आणि वर्षभर तसेच राहते.

समजा विमान मुंबईहून सकाळी ८ वाजता सुटले आणि साडेपाच तासांनी उतरले. आपल्याकडे तेव्हा दुपारचे दीड वाजलेले असतील, पण जेद्दात सकाळचे ११ असतील. तिकिटावर ८ आणि ११ एवढेच दिसते. वाचणाऱ्याला वाटते, तीन तासांत पोहोचलो.

परतीला याच्या उलट होते. जेद्दाहून रात्री ८ वाजता निघालेले विमान पाच तासांनी उतरले, तर तिथे रात्रीचा १ वाजलेला असतो आणि मुंबईत पहाटेचे साडेतीन. तिकीट बघून घरचे घाबरतात की येताना साडेसात तास का लागतात?

हिशेब सोपा आहे. जाताना तिकिटावरच्या फरकात अडीच तास मिळवा, येताना अडीच तास वजा करा. कुवेत, कतार आणि बहारीनसाठीही अडीच तासच धरायचे. दुबई, शारजा, अबुधाबी आणि मस्कतसाठी दीड तास.

घड्याळापेक्षा जास्त घोटाळा होतो तो तारखेचा. आखाताकडची बरीच विमाने मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१५ तारीख, ००:४०" असे छापलेले असले, तर १४ तारखेच्या रात्रीच विमानतळावर हजर व्हायचे असते. पंधराच्या संध्याकाळी सामान बांधून निघालेल्या कुटुंबाला विमानतळाच्या दारात कळते की विमान काल रात्रीच गेले. तेव्हा तिकीट हातात आले की कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा: "घरातून निघायचे: अमुक वार, अमुक वाजता." वाराचे नाव लिहिले की चूक लगेच लक्षात येते.

अंतर तेवढेच, वेळ दुप्पट

तिकीट शोधताना थेट विमान महाग दिसते आणि दुबई, मस्कत किंवा रियाधमार्गे जाणारे स्वस्त. मुलगा नकाशा बघतो आणि म्हणतो, "वाटेतच तर आहे!" अंतराच्या बाबतीत त्याचे म्हणणे अगदी बरोबर आहे. मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते जेद्दा सुमारे १,७००. बेरीज ३,६३०. थेट मार्गापेक्षा शंभर-सव्वाशे किलोमीटरच जास्त. मस्कतमार्गे तर फरक पन्नास किलोमीटरच्या आसपास निघतो, कारण मस्कत जवळजवळ सरळ रेषेवरच आहे.

वेळ मात्र अंतरासारखा वागत नाही. दोनदा चढायचे, दोनदा उतरायचे, दोनदा रांगेत थांबायचे. म्हणून दोन उड्डाणांचे मिळूनच सहा तासांच्या वर जातात. मधला मुक्काम तीन तासांचा असला तर एकूण नऊ तास, आणि आठ तासांचा असला तर चौदा. स्वस्त तिकिटांत हा मधला मुक्काम बहुधा लांबच असतो, कधी रात्रभराचाही.

ते आठ तास कसे जातात? धातूच्या खुर्चीवर, गार हवेत. स्वच्छतागृह लांब, एका दरवाजापासून दुसऱ्या दरवाजापर्यंत चालायचे तर कधी किलोमीटरभर. तिशीतल्या माणसाला त्याचे काही वाटत नाही. गुडघे दुखणाऱ्या अम्मीला वाटते. मधुमेह असलेल्या अब्बांना तर फारच वाटते, कारण जेवणाची आणि गोळीची वेळ चुकते.

सगळ्यांनी थेट विमानच घ्यावे, असे आम्ही म्हणत नाही. सगळ्यांना ते परवडत नाही. पण भावातला फरक बघताना त्यासमोर तासांतला फरकही लिहा आणि तो वडिलांना सांगा. "अब्बा, एवढे हजार वाचतात, पण नऊ तास जास्त लागतील, चालेल का?" हा प्रश्न त्यांना विचारायला हवा. पैसे त्यांचे आहेत आणि गुडघेही त्यांचेच.

मध्ये विमान बदलायचेच असेल, तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्या. दोन वेगवेगळी तिकिटे घेतली आणि पहिले विमान उशिरा पोहोचले, तर दुसऱ्या कंपनीवर तुम्हाला पुढे नेण्याची जबाबदारी राहत नाही. बऱ्याचदा सामानही मध्येच उतरवून घेऊन पुन्हा जमा करावे लागते. त्यासाठी त्या देशात शिरण्याची परवानगी लागली, तर वेगळाच पेच उभा राहतो.

घर ते हरम

आता मामूंचा हिशेब. चिपळूणचे एक जोडपे डोळ्यांपुढे आणू. विमान रात्री १० चे आणि थेट आहे.

चिपळूण ते मुंबई रस्त्याने साधारण अडीचशे किलोमीटर. विमानाच्या अंतराचा हा चौदावा हिस्सा, पण घाट, वाहतूक आणि मुंबईतली गर्दी धरली तर सहा-सात तास. वाटेत जेवण आणि नमाजसाठी एक तास. विमानतळावर चार तास आधी पोहोचायचे, म्हणजे संध्याकाळी ६ ला. तर घरातून सकाळी १० वाजता निघायला हवे.

रात्री १० ला विमान सुटले की आपल्या घड्याळाने पहाटे साडेतीनला जेद्दात उतरेल. तपासणी, बोटांचे ठसे, सामान यांत दोन तास. तिथून मक्का ऐंशी-नव्वद किलोमीटर. बस मिळून ती भरेपर्यंतचा वेळ धरला तर दोन तास. हॉटेलची खोली हातात येईपर्यंत आणखी एक तास. तोवर आपल्या घड्याळात सकाळचे साडेआठ झालेले असतात आणि मक्केत सहा.

एकूण साडेबावीस तास. त्यातले आकाशातले फक्त साडेपाच, म्हणजे जेमतेम चौथा हिस्सा. आणि हे सगळे वेळेवर घडले तर.

मक्का-मदिना हरमैन रेल्वे २०१८ मध्ये सुरू झाली आहे आणि तिचे एक स्थानक जेद्दाच्या विमानतळावरच आहे. ताशी तीनशे किलोमीटरपर्यंत वेग घेणारी ही गाडी विमानतळावरून मक्केला तासाभरात पोहोचवते. स्वतंत्रपणे जाणाऱ्या लहान कुटुंबाने तिचा जरूर विचार करावा. पण आपले विमान कोणत्या टर्मिनलवर उतरते आणि तिथून स्थानक किती लांब आहे, हे आधी विचारून घ्यावे. ग्रुपबरोबर जाणाऱ्यांना बहुधा बसच मिळते.

थांबावे लागणार, हे तर विमानतळ बांधणाऱ्यांनीही मानलेले आहे. जेद्दाचे हज टर्मिनल १९८१ मध्ये सुरू झाले. हज यात्रेकरू इथे तासन् तास थांबतील, हे गृहीत धरूनच त्याचा आराखडा केला गेला. २१० पांढऱ्या तंबूंसारखे छत, बाजू मोकळ्या, गरम हवा वर निघून जावी अशी सोय. या छताच्या रचनेमागे डोके होते फजलुर रहमान खान यांचे. ढाक्यात जन्मलेल्या या इंजिनिअरने शिकागोचा ११० मजली सिअर्स टॉवरही उभा केला. १९८३ मध्ये या टर्मिनलला वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला.

खोली मिळाल्यावरची घाईही टाळायला हवी. अनेक जण सामान टाकून लगेच उमरासाठी निघतात. भावना समजते. पण तवाफच्या सात फेऱ्यांनंतर सफा-मरवाच्या सात फेऱ्यांत तीन किलोमीटरच्या वर चालणे होते. बावीस तास जागे असलेल्या सत्तर वर्षांच्या माणसाने एहराममध्ये राहूनच चार-पाच तास झोपावे, खावे आणि मग शांत मनाने हरममध्ये जावे. यात काही बिघडत नाही.

मीकात विमानातच येते

या हिशेबात एक जागा अशी आहे जिथे मिनिटांनाही महत्त्व आहे. पूर्वी बोटीने जाणाऱ्या हिंदुस्थानी यात्रेकरूंची मीकात यलमलम मानली जाई. बोट त्याच्या समोर आली की तशी सूचना मिळे. विमानाचा मार्ग मात्र ताइफच्या बाजूने येतो. तिथे मक्केपासून पाऊणशे-ऐंशी किलोमीटरवर करनुल मनाजिल ही मीकात आहे. विमान तिच्या रेषेवरून जाते तेव्हा जेद्दा उतरायला साधारण अर्धा तास किंवा त्याहूनही कमी वेळ उरलेला असतो.

विमानात बहुधा त्याची घोषणा होते. पण रात्रीच्या विमानात निम्मे लोक झोपलेले असतात आणि कानाला नीट ऐकू न येणारे बुजुर्गही असतात. शिवाय त्या वेळी स्वच्छतागृहासमोर रांग लागलेली असते. म्हणून एहरामची वस्त्रे घरातून किंवा विमानतळावरूनच घालून निघावे. नियत आणि तल्बिया मीकात येण्याआधी विमानात करावी. उतरायला तासभर उरला की जागे राहायचे, असे सोबतच्या तरुणाने ठरवून घ्यावे. समोरच्या पडद्यावर उरलेला वेळ दिसतो. बारकाव्यांबद्दल निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून घ्यावे.

नियत झाल्यावर विमानात मिळणारा सुगंधी ओला रुमाल वापरायचा नाही. पुरुषांनी थंडी वाजली तरी डोक्यावरून चादर ओढायची नाही. या छोट्या गोष्टी झोपेत विसरल्या जातात. मध्ये विमान बदलणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. दुबई किंवा मस्कतहून पुढच्या विमानात मीकात येणार, म्हणजे मुंबईपासून एहराम घातला तर मधले आठ तासही त्या दोन चादरींतच काढायचे. ज्यांचे विमान आधी मदिनेला जाते, त्यांना मात्र विमानात एहरामची गरज नसते. ते मदिनेहून मक्केला निघताना जुल-हुलैफा इथे एहराम बांधतात.

लांबलेला दिवस, आखडलेली रात्र

पश्चिमेला जाणारे विमान सूर्याच्या मागे धावते. त्याला गाठू शकत नाही, पण दिवस लांबवते. मुंबई आणि जेद्दाच्या सूर्यास्तात सुमारे सव्वादोन तासांचे अंतर आहे.

रमजानमध्ये उमराला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. मार्चच्या मध्यास मुंबईत पावणेसातच्या सुमारास इफ्तार होतो. दुपारी ३ च्या विमानाने निघालेला रोजेदार आपल्या घड्याळात सात वाजलेले बघतो, पण खिडकीबाहेर सूर्य असतो. विमान साडेआठला जेद्दात उतरते, तेव्हाही तिथे संध्याकाळचे सहाच वाजलेले असतात. इफ्तारला अजून अर्धा तास. मुंबईचे वेळापत्रक खिशात ठेवून विमानात रोजा सोडता येत नाही. जिथे आहोत तिथला सूर्य बघावा लागतो. म्हणजे हा रोजा सव्वादोन तासांनी लांबतो. प्रवाशाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत आहे. आजारी आणि वृद्धांनी ती घ्यायला संकोच करू नये.

औषधांचेही तसेच. इन्शुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्या घड्याळ अडीच तास मागे गेल्यावर कधी घ्यायच्या, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. औषधे आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. विमानात दर तासाला पाय हलवावेत, पाणी प्यावे. स्वच्छतागृहाला जावे लागेल म्हणून आपल्या अम्मी पाणीच पीत नाहीत. ही सवय पाच तासांच्या बैठकीत त्रास देते. चाकांची खुर्ची लागणार असेल तर ती तिकीट काढतानाच मागून ठेवा.

बोटीचे दिवस

आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला विमानाचा प्रश्नच नव्हता. मोगल लाइनच्या बोटी मुंबईहून जेद्दाला जात. समुद्रमार्गाचे अंतर सुमारे २,३०० सागरी मैल, म्हणजे सव्वाचार हजार किलोमीटरहून जास्त, कारण बोटीला अरबस्तानला वळसा घालून एडनवरून तांबड्या समुद्रात शिरावे लागे. जुन्या बोटींना बारा ते पंधरा दिवस लागत. १९९५ पासून ही समुद्री हजयात्रा बंद झाली आणि सगळेच विमानाने जाऊ लागले.

ती सफर कष्टाची होती. तिचे गोडवे गाण्याचा आमचा इरादा नाही. पण तिने यात्रेकरूला एक गोष्ट भरपूर दिली होती, ती म्हणजे वेळ. डेकवर बसून लोक हजचे अरकान शिकत, दुआ पाठ करत, एकमेकांशी ओळख करून घेत. दररोज घड्याळ थोडे थोडे मागे सरके आणि शरीराला सवय होई. आज हा सगळा अभ्यास साडेपाच तासांत मावत नाही, म्हणून तो घरीच व्हायला हवा. निघण्याआधी महिनाभर अम्मी-अब्बांनी रोज थोडे थोडे चालावे. पंधरा मिनिटांपासून सुरुवात करून तासापर्यंत जावे. मुलांनी संध्याकाळी त्यांच्याबरोबर बसून उमराची पद्धत पुन्हा पुन्हा वाचावी.

तीन तासांवरचा मुलगा

हाच हिशेब आपल्या घरांत एका वेगळ्या, अवघड वेळीही लागतो. कोकणातल्या गावागावांतली मुले दुबई, कुवेत आणि मस्कतला आहेत. गावी वडिलांचा इंतकाल होतो आणि कुणीतरी म्हणते, "दुबई तीन तासांवर तर आहे, थांबूया." विमान खरेच तीन तासांत येते. पण बाकीचे तास मोजून बघा.

निरोप सकाळी साडेसातला गेला. सुट्टी, पासपोर्ट, तिकीट यात दोन-तीन तास. जागा मिळाली ती तिथल्या दुपारी बाराच्या विमानात, म्हणजे आपल्या दीड वाजता. साडेचारला मुंबई, साडेपाचला विमानतळाबाहेर, पुढे चिपळूणपर्यंत सात तास. मध्यरात्र उलटते. सगळे सुरळीत झाले तरी सतरा तास. जागा दुसऱ्या दिवशीची मिळाली तर ते दुप्पट.

दफनविधीत विनाकारण उशीर करू नये, ही आपली शिकवण आहे. मुलाला शेवटचे तोंड दाखवावे, ही आईची इच्छाही खरी आहे. काय करायचे ते त्या घराने आणि वडीलधाऱ्यांनी ठरवावे. आमचे म्हणणे एवढेच की "तीन तास" या शब्दावर कुणी निर्णय घेऊ नये. मुलाला खरा हिशेब सांगावा आणि त्याच्याशी बोलून ठरवावे. तो जनाज्याला पोहोचला नाही, तर ती त्याची कुचराई नव्हती, हे गावानेही समजून घ्यावे. कबरीपाशी उभे राहून त्याने केलेली दुआही वडिलांसाठीच असते.

निघण्याआधी एक कागद

घरातल्या सगळ्यांनी एकदा एकत्र बसून एक कागद लिहावा. घरातून कोणत्या वारी, किती वाजता निघायचे. विमानतळावर किती वाजता पोहोचायचे. विमान आपल्या घड्याळाने किती वाजता उतरेल आणि तिथल्या घड्याळाने किती वाजता. मध्ये थांबा किती तासांचा आहे आणि तिथे जेवण व गोळी कधी घ्यायची. मीकात अंदाजे किती वाजता येईल. तिथे उतरल्यावर कोणाला, कोणत्या नंबरवर फोन करायचा. एक प्रत यात्रेकरूंच्या पिशवीत, एक घरी.

परतीचेही लिहा. पहाटे साडेतीनला उतरलेल्या आई-वडिलांना घ्यायला आलेला मुलगा आदल्या रात्रीपासून जागाच असतो. त्याच पावली घाट उतरून गावी जाण्याची घाई करू नका. मुंबईत एखाद्या नातेवाइकाकडे सकाळपर्यंत विसावा घ्या, फज्र पढा, चहा घ्या आणि उजेडात निघा. गावी स्वागताला जमलेली माणसे दोन तास थांबतील.

मुंबई-जेद्दा अंतर कालही ३,५०० किलोमीटर होते, उद्याही तेवढेच राहील. आपल्या हातात आहेत ते त्याच्या अलीकडचे आणि पलीकडचे तास. ते नीट मोजले तर आपले बुजुर्ग थकून न जाता, ताज्या मनाने काबागृहासमोर उभे राहतील. अल्लाह सर्वांची सफर सोपी करो आणि प्रत्येकाला सुखरूप घरी परत आणो. आमीन.